शिवडीचा काळा चिखल काय सांगतो

शिवडीच्या चिखलावर फ्लेमिंगो उतरले की ‘खाडी स्वच्छ झाली’ असे संदेश फोनवर फिरू लागतात. पक्षी येतात ते खाण्यासाठी, पाणी शुद्ध असल्याचा दाखला द्यायला नव्हे. मुंबई बंदराची तब्येत जोखायची तर तळाचा गाळ ग्रॅबने, म्हणजे दोरीने सोडलेल्या जबड्यासारख्या पंजाने, उचलून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवावा लागतो. चाळणीवर उरलेले किडे, शिंपले आणि खेकड्यांची पिल्ले म्हणजे तळाची वस्ती.

कुठे कोण राहणार हे बरेचसे कणांच्या आकारावर ठरते. जिथे प्रवाहाला जोर असतो तिथे वाळू टिकते आणि पाणी गाळून खाणारे शिंपले तगतात. पाणी संथ झाले की ०.०६३ मिलिमीटरपेक्षा बारीक कण बसतात. त्या चिखलात राज्य असते ते गाळ खाणाऱ्या पॉलिकीट किड्यांचे, म्हणजे गांडुळाच्या समुद्रातल्या भाऊबंदांचे.

खरी गंमत पुढे आहे. चिखलातल्या फटी इतक्या बारीक असतात की प्राणवायू फार तर काही मिलिमीटर आत झिरपतो, आणि तेवढ्यात जिवाणू तो संपवतात. त्याखालचे जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि लोहाशी त्याचा संयोग झाला की गाळ काळा पडतो. आता एक किडा यात बीळ करतो आणि अंग लाटेसारखे हलवत वरचे पाणी आत ओढत राहतो. ढेकूळ फोडून पाहा, काळ्या चिखलात बिळाभोवती तांबूस कडे दिसेल. तिथल्या लोहाला प्राणवायू मिळालेला असतो. त्याच कड्यात काही जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. नायट्रेट शेजारच्या काळ्या थरात झिरपते आणि तिथले दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. सांडपाण्यातला नायट्रोजन काढून टाकायचे हे काम किडे नसतील तर पुष्कळच मंदावते.

पण सांडपाणी अति झाले की काळा थर वर सरकतो आणि खोल बिळे करणारे मरतात. उरतात ते कॅपिटेला या पॉलिकीटासारखे छोटे, झपाट्याने वाढणारे किडे, तेही हजारोंनी. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या सागरी जीवशास्त्रज्ञांनी हा क्रम १९७८ मध्ये नीट मांडला. म्हणून ‘नमुन्यात जीव भरपूर निघाले’ एवढ्यावर खूश होऊ नये. कोणते निघाले आणि किती खोलवरून, हे विचारावे. जहाजांच्या वाटेवर ड्रेजिंगने तळ खरवडला जातो. तिथेही आधी परततात ते हेच छोटे किडे.