पंप, इळा आणि कटर : विदर्भातल्या आवडत्या अवजारांची पार्श्वभूमी

यवतमाळ, वर्धा, अमरावती या कापसाच्या पट्ट्यातल्या गावांत आवडते अवजार कोणते असे विचारले, तर उत्तर वयाप्रमाणे बदलते. साठी ओलांडलेला माणूस इळा, कुऱ्हाड किंवा बापाच्या हातचा वासला पुढे करतो. तिशीच्या आतला मुलगा बॅटरीचा फवारणी पंप दाखवतो, आणि ज्याच्या घरी थोडेफार वेल्डिंगचे काम चालते तो ‘कटर’, म्हणजे फिरत्या चकतीचे लोखंड कापायचे यंत्र, दाखवतो. आवड ओळखण्याची एक साधी खूण या भागात आहे. टिकास, सब्बल, फावडे शेजाऱ्याला बिनदिक्कत मिळते. आवडते अवजार मात्र कोणी सहसा उसने देत नाही, आणि दिलेच तर ते परत येईपर्यंत जीव त्यातच अडकलेला असतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पंप या न देण्याच्या वस्तूंत सर्वांत वर कसा गेला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लोखंडी अवजाराचा इथला इतिहास फार जुना आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली असून ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहे. नैकुंड, माहुरझरी, टाकळघाट-खापा या परिसरातल्या शिळावर्तुळांखाली जी दफने मिळाली, त्यांत मृताबरोबर ठेवलेल्या कुऱ्हाडी आणि छिन्न्या होत्या. त्या कुऱ्हाडींना आजच्यासारखे नेढे नाही. पाते दांड्याला आडव्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवलेले असे. माणसाबरोबर त्याचे अवजार पुरण्याची चाल ज्या मुलखात होती, तिथे अवजार उसने न देण्याचे नवल वाटू नये.

मधला मोठा काळ ओलांडून एकोणिसाव्या शतकात आलो, तर दोन कारागीर शेजारी शेजारी दिसतात. एक गावचा लोहार, जो फाळ, वखराची पास आणि इळे घडवून सुगीला धान्य घेई; दुसरा कारखान्यातला फिटर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७७ मध्ये नागपुरात पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली, आणि हिंगणघाट, खामगाव, अमरावती अशा कापूस बाजारांच्या गावी सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. पाना, कानस, पक्कड ही अवजारे खेड्यात रुळली ती बहुधा या कारखान्यांतून सुटीवर घरी येणाऱ्या माणसांमुळेच, असे मला वाटते. पुढे ट्रकची वाहतूक वाढली आणि मोडक्या कमानीचे पाटे लोहाराला स्वस्तात मिळू लागले. कमानीच्या पोलादाचा इळा किंवा कोयता चांगला का लागतो, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाते लाल तापवून बुडवायचे, मग पुन्हा जरासे तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, या दोन पायऱ्यांना मिळून ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि लोहाराची ख्याती त्याच्या भात्यापेक्षा या पाण्यावर ठरते.

फवारणीचा पाठीवरचा पंप मात्र मुळात परका आहे. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरात आले, आणि ते पानांवर एकसारखे उडवण्यासाठी पाठीवर अडकवायचे पंप त्याच काळात तयार झाले. विदर्भात हे अवजार बऱ्याच उशिरा घरोघरी पोहोचले. १९८० च्या दशकात नवी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके कापसावर सर्रास वापरली जाऊ लागली, तेव्हा दांडा हलवून हवा भरायचा हातपंप ही चैन न राहता गरज झाली. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या वाणांना, परवानगी मिळाली आणि बोंडअळीसाठीच्या फवारण्या काही वर्षे कमी झाल्या. पण तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी पंप खांद्यावरून उतरला नाही, आणि पुढे गुलाबी बोंडअळीच बीटीला दाद देईनाशी झाल्यावर तर तो पुन्हा रोजचाच झाला.

इथे एका शब्दाशी जरा जास्त वेळ थांबणे भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच निघतो. ‘पंप’ हा शब्द या भागात किमान चार अर्थांनी चालतो. विहिरीवरची मोटर म्हणजे पंप. पाठीवरचे फवारणी यंत्र म्हणजे पंप. त्या यंत्राची एक भरलेली टाकी हे मापही पंपच. आणि मजुरी ठरवताना ‘पंपाप्रमाणे’ असे म्हणतात तेव्हा त्या मापावर पैसे मिळतात. गावात ‘पेट्रोल पंप’ मागणारा माणूस दर वेळी गाडीत तेल भरायला निघालेला असतोच असे नाही. छोट्या इंजिनाच्या फवारणी यंत्रालाही तोच शब्द आहे. यांतले पहिले दोन अर्थ कोणी एकमेकांत मिसळत नाही. तिसरा अर्थ धोक्याचा आहे.

कीटकनाशकाच्या चिठ्ठीवर किंवा कृषी सल्ल्यात मात्रा बहुतेक वेळा दहा लिटर पाण्यासाठी दिलेली असते. दुकानदार काउंटरवर सांगतो, ‘पंपाला इतके मिली टाका.’ आता हातपंपाची टाकी साधारण १६ लिटरची असते. लिटरला दोन मिली असे प्रमाण असेल, तर दहा लिटरला २० मिली आणि १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली लागते; म्हणजे दुकानदाराच्या डोक्यात कोणता पंप होता, यावरच मात्रा दीडपट बदलते. त्यात इंजिनाच्या पॉवर पंपाचा वेगळा हिशोब आहे. तो बारीक तुषार उडवतो, एकराला पाणी कमी लागते, म्हणून सल्ल्यांत ‘पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट करावी’ असे लिहिलेले असते, आणि त्या यंत्रापुरते ते बरोबरही आहे. बॅटरीच्या पंपाचे काम मात्र हातपंपासारखेच चालते. हात हलवण्याऐवजी १२ व्होल्टची बॅटरी दाब तयार करते, एवढाच फरक. तेव्हा त्याची मात्रा हातपंपाचीच ठेवायला हवी. पण बोलण्यात तोही ‘पॉवर’मध्येच मोडतो. कोणी दहा लिटरचे २० मिली तिप्पट करून ६० मिली बॅटरीच्या १६ लिटरच्या पंपात ओतले, तर हवे होते ३२ आणि पडले ६०, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यात वापरणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण त्याला मिळालेली दोन्ही वाक्ये खरी होती. फक्त त्या वाक्यांतला शब्द एकच होता आणि वस्तू दोन.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, अळीचा जोर होता, हवेत उकाडा होता, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत पसरली होती. (‘औषध’ हाच शब्द इथे विषासाठी वापरतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.) चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, आणि त्याच वेळी बोट वळले ते ‘चायना पंपा’कडे, म्हणजे बाहेरून आलेल्या स्वस्त, जोरदार फवारा सोडणाऱ्या यंत्राकडे.

हे बोट कितपत बरोबर होते, यावर अजूनही एकमत नाही. यंत्राविरुद्धचा युक्तिवाद पोकळ नव्हता. तुषार जितका बारीक, तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो आणि श्वासातून आत जातो. पऱ्हाटी डोक्याएवढी उंच असेल तर नोझल वर धरावे लागते आणि फवारा थेट तोंडावर येतो. दाब जास्त म्हणून दिवसाला अधिक पंप होतात, आणि मजुरी पंपाप्रमाणे असल्याने माणूस थांबतही नाही. हे सगळे मान्य केले, तरी विष पंपात तयार होत नाही. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात, मग ती कोणत्याही नोझलमधून आलेली असोत. जुना हातपंपही वॉशर झिजला की पाठीवरून पाझरत असे, आणि भिजलेल्या सदऱ्यातून विष कातडीत मुरत असे. तेव्हा त्या पंपाबद्दल कोणी चौकशी नेमली नव्हती. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची, बाटली उसन्या पैशांवर, चिठ्ठी न वाचता विकली जाते, तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासायची सोय नसते, आणि मुखवटा-हातमोजे घालून ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन तासही उभे राहवत नाही; या तिन्ही गोष्टींपेक्षा यंत्राला दोष देणे सगळ्यांनाच सोयीचे होते, विकणाऱ्यालाही आणि परवानगी देणाऱ्यालाही. त्यातले एक प्रकरण तर पुढे स्वित्झर्लंडमधल्या न्यायालयापर्यंत गेले, आणि तिथे वाद पंपाचा नसून बाटलीतल्या पदार्थाचा होता.

गावाने मात्र आपला निकाल वेगळाच लावला. इंजिनाचे पंप काही घरांत कोपऱ्यात गेले आणि बॅटरीचा पंप पुढे आला. आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही, दांडा हलवायला हात लागत नाही, म्हणून एक हात पऱ्हाटी बाजूला सारायला मोकळा राहतो. भरलेली टाकी आणि यंत्र मिळून वीस किलोच्या वर वजन पाठीवर असतेच, पण दिवसभर दांडा मारून खांदा भरून येण्याचा त्रास टळतो. शिवाय विजेचे वेळापत्रक त्याला अडवत नाही. भारनियमनाच्या वर्षांत ज्या गावांत दिवसा वीज टिकत नसे, तिथे वायर लावून चालणारे अवजार म्हणजे शोभेची वस्तू होती. रात्री घरच्या लाइनवर चार्ज करून सकाळी धुऱ्यावर नेता येणारे अवजार आले, तेव्हाच यांत्रिक अवजार खऱ्या अर्थाने शेतापर्यंत पोहोचले. पेचकसाऐवजी बॅटरीचे ड्रिल घेऊन फिरणारा सुतार दिसतो, त्याचेही मूळ यातच आहे. विजेवरचे हातात धरायचे ड्रिल जर्मनीत १८९५ मध्येच तयार झाले होते आणि बिनवायरचे ड्रिल अमेरिकेत १९६१ मध्ये आले. विदर्भातल्या खेड्यात ते रुळायला आणखी अर्धे शतक लागले.

‘कटर’बद्दल थोडेच. अँगल ग्राइंडरचे आजचे वेगवान रूप जर्मनीत १९५४ साली बाजारात आले. गावात मिळणाऱ्या चार इंची चकतीच्या यंत्राचा वेग मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, आणि अँगल, पत्रा, फरशी, पाइप असे काहीही ते कापते, म्हणून त्याला कटर म्हणतात. गवत कापणारे यंत्रही कटर आणि कडबा बारीक करणारेही कटरच. जुन्या आणि नव्या अवजाराची गाठ इथे नेमकी पडते, आणि ती जुन्याला मानवत नाही. इळ्याला दगडावर धार लावायला वेळ लागतो म्हणून मुलगा तो ग्राइंडरवर धरतो. ठिणग्या उडतात, कडेला निळा रंग चढतो, आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. धार दिसायला लखलखीत असते, पण दोन दिवसांत बोथट होते. म्हातारा यावर जे बोलतो ते छापण्यासारखे नसते, तरी धातुशास्त्राच्या दृष्टीने ते अचूक असते.

आतापर्यंतची सगळी आवडती अवजारे पुरुषांची आहेत. निंदणाचे काम बायांचे, आणि त्यांचे अवजार खुरपे. तणनाशक आल्यापासून चार-पाच बाया रांगेने बसून जे तण दोन दिवसांत काढत, ते एक माणूस बॅटरीच्या पंपाने अर्ध्या दिवसात जाळून टाकतो. म्हणजे पंप ज्याला प्रिय झाला, तो आणि त्याच पंपामुळे जिचा रोज बुडाला, ती एकाच घरातही राहत असतात. बायांच्या हाती आता सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी जास्त उरली आहे. सोंगणीला दुकानातला दातेरी इळाही मिळतो. त्याला पाजवावे लागत नाही, पण दाते झिजले की लोहारही त्याचे काही करू शकत नाही, म्हणून पुष्कळ जणी अजून कमानीच्या पाट्याचा साधा इळाच पसंत करतात. मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असते, प्रत्येकीचा रंग वेगळा, म्हणजे जेवणाच्या सुटीत बांधावर ठेवलेल्या ढिगातून आपला ओळखता येतो. पंप मालकाच्या घरी जातो, आणि इळा संध्याकाळी पदराखाली झाकून तिच्याबरोबर.