टीएसएच वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा रेंजच्या वर दिसला की बरेच जण म्हणतात, थायरॉइड वाढलाय. खरं तर उलटं असतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, थायरॉइडमध्ये बनतच नाही, तो येतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून, आणि गळ्यातली थायरॉइड कामात मागे पडली की पिट्युटरी तिच्यामागे जो तगादा लावते ना, तो टीएसएच. म्हणजे आकडा जास्त तर थायरॉइड बहुतेक सुस्त, आकडा फारच कमी तर ती बहुतेक गरजेपेक्षा जास्त काम करतेय.

मग थेट थायरॉइडचंच हार्मोन का नाही मोजत? मोजतात की, टी४ आणि टी३. पण पिट्युटरीला फरक फार लवकर कळतो, फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतो. त्यामुळे टी४ अजून नॉर्मल आणि टीएसएच मात्र थोडा वर, असे रिपोर्ट खूप येतात, त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. नॉर्मल रेंज साधारण ०.४ ते ४ धरतात, लॅबप्रमाणे थोडी बदलते, आणि टीएसएच रात्री जास्त नि दुपारी कमी असतो, त्यामुळे ४.८ बघून लगेच घाबरू नका, बऱ्याचदा डॉक्टर टेस्ट रिपीट करतात आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडच्याच विरोधात बनलेल्या अँटीबॉडी, बघतात.

फ्री टी४ मधलं ‘फ्री’ महत्त्वाचं. रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रोटीनला चिकटलेला असतो, काम करतो तो उरलेला मोकळा. प्रेग्नन्सीत किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांमुळे ही प्रोटीन वाढतात, मग टोटल टी४ जास्त दिसतो पण थायरॉइड ठणठणीत असते.

आता बायोटिन, हे एक व्हिटॅमिन. केसांसाठी घेतात त्या गोळ्यांमध्ये ५ ते १० मिलिग्रॅम सहज असतं, शरीराला रोज लागतं फक्त ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. गंमत अशी की बऱ्याच लॅबच्या टेस्ट किटमध्ये हार्मोन पकडायला बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन मध्ये घुसतं आणि टीएसएच खोटा कमी, फ्री टी४ खोटा जास्त येतो. कागदावर अगदी ग्रेव्हज डिसीज, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार! माणूस ठीक असतो. म्हणून टेस्टच्या आधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात, आणि घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच.

थायरॉक्सिनची, म्हणजे टी४चीच, गोळी चालू असेल तर त्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या, नाहीतर फ्री टी४ तात्पुरता वर जातो. डोस बदलल्यावर आठवड्याभरात टेस्ट करून काहीच कळत नाही, टी४ शरीरातून निम्मा व्हायलाच ७ दिवस लागतात, म्हणून ६ ते ८ आठवडे थांबतात.

एक केस मात्र टीएसएचवरून पकडता येत नाही. पिट्युटरीच बिघडली तर तगादा लावणार कोण? तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसू शकतो आणि फ्री टी४ खाली असतो, अशा पेशंटचा डोस फ्री टी४ बघूनच ठरवतात.