गिझरचा लाइट लागतो, मग पाणी कोमट का?

डिसेंबरात कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमचं तिघांचं रोज सकाळी एकच भांडण, आधी आंघोळीला कोण जाणार. पहिल्याला अर्धी बादली बरं पाणी मिळायचं, दुसऱ्याला कोमट, आणि तिसरा सरळ डिओ मारून ऑफिसला. ओनर काकांना फोन केला की त्यांचं ठरलेलं, "लाइट लागतोय ना? मग गिझर चालू आहे."

तर तो लाइट. बऱ्याच गिझरमध्ये तो एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलला, समांतर जोडलेला असतो, त्यामुळे एलिमेंट जळून तुटलं तरी लाइट आपला मजेत लागतो. त्यापेक्षा खाली मीटरपाशी जायचं, घरातलं बाकी सगळं बंद ठेवायचं आणि वरून कुणाला तरी गिझर लावायला सांगायचा. मीटरवरचा लाल ठिपका फटाफट लुकलुकायला लागला की एलिमेंट शाबूत आहे. आमचा लुकलुकला. म्हणजे वीज जात होती, मग उष्णता गेली कुठे?

इथे शाळेतलं गणित कामाला आलं. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला झाले २५२० किलोज्यूल, आणि २ किलोवॉटचा गिझर सेकंदाला २ किलोज्यूल देतो, तर हिशोब आला १२६० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं. व्होल्टेज २३० ऐवजी २०० असेल तर ताकद पाऊणच राहते आणि वेळ २८ मिनिटांवर जातो, पण पाणी शेवटी तापतंच. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये २० अंशांचं तेवढंच गार पाणी घातलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं, जवळजवळ दोन बादल्या. आम्हाला मिळत होती अर्धी.

पहिला संशय अर्थातच क्षारांवर. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी जास्त, ते जड. असं पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट एलिमेंटवर बसतं, गंमत म्हणजे साखर गरम पाण्यात जास्त विरघळते आणि हे नेमकं उलटं, गरम पाण्यात कमी. गिझर तापताना खडखड, फसफस आवाज येतो ना, तो याच थराखाली वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात त्याचा. वायरमनने एलिमेंट बाहेर काढलं तेव्हा त्यावर पांढरी खरबरीत खपली होती, वाळलेल्या चुन्यासारखी, आणि टाकीच्या तळातून अर्धा मग भरून चुरा निघाला.

क्षारामुळे बिल प्रचंड वाढतं असं सगळे सांगतात, ते मला फारसं पटत नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, उष्णता शेवटी पाण्यातच जाणार. खरा त्रास वेगळा, थराखाली एलिमेंट स्वतः जास्त तापतं आणि लवकर जळतं, शेजारचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच, तोही फसून लवकर कट मारू शकतो.

बरं, साफ करून झालं, तरी पाणी तसंच!

मग एका रविवारी एमसीबी बंद करून, गरम नळ सोडून मी गिझरखालच्या दोन्ही पाइपांना हात लावला. लाल खूण असलेला पाइप गार, निळ्या खुणेचा गरम. ऑक्टोबरमध्ये रंगकाम झालं तेव्हा गिझर उतरवून परत टांगला होता आणि कुणीतरी पाइप उलटे जोडले होते.

एवढ्याने इतका फरक का पडतो, तर टाकीत गरम पाणी हलकं म्हणून वर असतं आणि गार तळाला. गार पाणी आखूड पाइपातून तळाशी शिरतं, वरच्या गरम पाण्याला ढकलतं आणि ते उंच पाइपाच्या टोकातून बाहेर पडतं, फारसं न मिसळता. उलट जोडलं की गार पाणी वरून पडतं, जड म्हणून खाली बुडत जातं आणि वाटेत सगळं ढवळून टाकतं.

प्लंबरने वीस मिनिटांत पाइप बदलले. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे मग लाइट बरोबरच लागत होता की!"

सोलर असलेल्यांची तक्रार वेगळी असते, पहिली बादली गार येते. त्यात बिघाड काहीच नाही, गच्चीपासून ३० मीटर लांब, २५ मिलिमीटरच्या पाइपात जवळजवळ १५ लिटर पाणी रात्रभर गार होत पडलेलं असतं, ते आधी यायचंच. आणि गॅस गिझर वरच्या मजल्यावर पेटत नसेल तर आधी सेल बदला, मग पाण्याचं प्रेशर बघा, पुरेसा दाब नसला की आतला पडदा गॅस सोडतच नाही. फक्त तो बाथरूमच्या आत लावलेला असेल तर काकांशी भांडा, अगदी जोरात, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्याकडे आता पावणेदोन बादल्या गरम पाणी येतं. तिसरा अजूनही डिओच मारतो, पण ती त्याची सवय.