युक्तिवाद-विश्लेषण व माध्यमतुलना (शालेय अध्यापन)

लेखक किंवा वक्ता काय पटवू पाहतो, त्यासाठी कोणती कारणे व पुरावे देतो आणि ते पुरेसे आहेत का, हे तपासण्याचे, तसेच तोच मजकूर वाचताना, ऐकताना व पाहताना त्याचा परिणाम कसा बदलतो हे ओळखण्याचे शिक्षण. ते मुख्यतः सहावी ते आठवीच्या वर्गांत दिले जाते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासक्रम-मानकांत ही दोन्ही कौशल्ये शेजारी-शेजारी येतात. सहावीत आधार असलेला व नसलेला दावा वेगळा करायचा, सातवीत पुरावा पुरेसा आहे का ते पाहायचे, आठवीत असंबद्ध पुरावा कुठे शिरला आहे ते ओळखायचे, अशी पहिल्या कौशल्याची चढण आहे.

दावा आणि कारण मुलांना लवकर सापडतात. अडते ते या दोहोंना जोडणाऱ्या, न बोललेल्या गृहीतकापाशी. ‘शाळा उशिरा भरावी, कारण मुलांची झोप पुरी होत नाही’ या विधानात, शाळा उशिरा भरली तर मुले जास्त झोपतील, हे धरून चाललेले असते; ती रात्री आणखी जागतील, ही शक्यता कुणी बोलत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात या दुव्याला स्वतंत्र जागा आहे. न्यायदर्शनातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील, प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (नियम प्रस्तुत बाबीला लावणे) व निगमन (निष्कर्ष) या पाच अवयवांपैकी ‘उदाहरण’ हेच काम करते : जिथे हेतू असतो तिथे साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असते, हा नियम तिथे उघड सांगावा लागतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘मला पटले’ आणि ‘सिद्ध झाले’ यांची गल्लत. त्यावर चांगला उपाय म्हणजे मुलांना आवडणाऱ्या मताच्या बाजूने मुद्दाम कच्चा युक्तिवाद देणे. तर्कदोषांची यादी आधी पाठ करून घेणे मात्र फारसे उपयोगी नाही. मुले ती नावे वादात एकमेकांवर फेकू लागतात.

माध्यमतुलनेसाठी भाषणे सोयीची. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणातला ‘माझे एक स्वप्न आहे’ हा प्रसिद्ध भाग तयार मसुद्यात नव्हता. तो व्यासपीठावर आला. मसुदा आणि ध्वनिमुद्रण शेजारी ठेवले की आवाज, विराम, पुनरुक्ती व गर्दीचा प्रतिसाद यांनी काय साधले ते दिसते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर वाचावा, मग ऐकावा, शेवटी चित्रफीत पाहावी. चित्रफीत आधी दाखवली तर पुढचे वाचन वक्त्याच्या चेहऱ्यासकटच होते.

या विषयात हमखास सांगितले जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी व निक्सन यांची २६ सप्टेंबर १९६० ची जाहीर चर्चा : रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले, दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी. हा दावा बराचसा एकाच पाहणीवर उभा आहे आणि तिच्यातला रेडिओ-श्रोत्यांचा गट लहान होता. शिवाय रेडिओ ऐकणारे मुळातच वेगळ्या भागांतले, वेगळ्या राजकीय कलाचे असू शकत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या चर्चेविषयी आधी माहिती नसलेल्या व्यक्तींपैकी काहींना ती फक्त ऐकवली, काहींना दाखवली. पाहणाऱ्यांचा कल केनेडींकडे अधिक होता. त्यावरून १९६० सालची गोष्ट खरी ठरते का, हा प्रश्न आठवीच्या वर्गाला एक पूर्ण तास पुरतो.