पिकअपचे ब्रेक : गोव्यातील दोषनिदान आणि दुरुस्ती

मालवाहू पिकअपची गती कमी करणारी, तिला थांबवणारी आणि उभी असताना जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा म्हणजे ब्रेक. गोव्यातली पिकअप मालीम, कुटबण, खारीवाड्याच्या जेटीवरून बर्फातली मासळी उचलते, चिरेखाणीवरून चिरे (जांभ्याचे बांधकामाचे दगड) आणते, बेळगावची भाजी चोर्ला नाहीतर अनमोड घाटाने खाली उतरवते आणि फेरीबोटीत चढताना रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्यात चाके घालते. त्यामुळे इथे लायनर (ब्रेकमधला घासला जाणारा थर) झिजून संपण्याआधीच त्याच्या आजूबाजूचे लोखंड गंजून अडकते. नुसते लायनर बदलून सोडलेली गाडी थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येते. अडकलेली पिन किंवा खड्डे पडलेला सिलिंडर आत तसाच असतो. भाग बदलण्याआधी दोषाचे मूळ शोधणे हे इथल्या ब्रेकच्या कामातले निम्मे काम आहे.

रचना : बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की बूस्टर पायाच्या जोराला मदत करतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब आणतो आणि तो दाब लोखंडी नळ्या व रबरी होसमधून चाकांपर्यंत जातो. पुढे कॅलिपरचा पिस्टन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. मागे व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन शू पसरवून चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकवतात. मास्टर सिलिंडरला दोन स्वतंत्र वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी चालते, पण पेडल बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागते. बूस्टरला निर्वात लागतो. डिझेल इंजिन तो स्वतः पुरेसा निर्माण करत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. हँडब्रेक केबल ओढून मागचे शू ड्रमला टेकवतो.

लोड व्हॉल्व्ह : हा भाग चासी आणि मागच्या एक्सलच्या मध्ये असतो आणि कामात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी असते. पूर्ण दाब दिला तर ती आधी लॉक होतात आणि गाडी मागून फिरते. म्हणून हा व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीत मागचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) दबतात, चासी एक्सलजवळ येते, व्हॉल्व्हचा दांडा किंवा स्प्रिंग सरकते आणि मागे जास्त दाब सोडला जातो. चिरे वाहणाऱ्या गाड्यांना पुष्कळदा एखादा पाटा जास्तीचा बसवतात. त्याने चासी उंच राहते, माल भरल्यावरही पुरेशी दबत नाही, आणि व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच राहते. मग पुढचे पॅड भराभर संपतात, डिस्क तापून निळसर पडते, मागचे लायनर मात्र जवळपास कोरे राहतात. पॅड लवकर संपण्याची तक्रार आली की आधी पाटे मोजावेत. पाटा वाढवला असेल तर तो काढावा; ठेवायचाच असेल तर कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापाप्रमाणे व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा लावून घ्यावा. दांडा गंजून जाम झाला असेल किंवा तारेने बांधून ठेवला असेल तर व्हॉल्व्ह नसल्यातच जमा.

पेडलवरून निदान : पेडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, तेव्हा ऑइलमध्ये हवा असते. दोन-तीनदा दाबल्यावर वर येते पण कडक असते, तेव्हा शू ड्रमपासून लांब गेलेले असतात, म्हणजे अॅडजस्टर (शू ड्रमजवळ ठेवणारा आट्याचा भाग) काम करत नाही. पाय ठेवून धरल्यावर पेडल सावकाश खाली बसते, तेव्हा कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा रबरी कप आतल्या आत दाब सोडतो. चाकांच्या आतून ऑइल ओघळलेले नाही, नळ्या कोरड्या आहेत, तरी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी कमी होते आहे असे दिसले तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडून मागचे तोंड बघावे. तिथला सील गेला की ऑइल बूस्टरच्या पोटात साचते आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

पेडल दगडासारखे कडक असेल आणि गाडी थांबत नसेल तर बूस्टर तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, शेवटच्या वेळी तसेच धरून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर ठीक. न गेल्यास आधी व्हॅक्यूमचा पाईप, त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह आणि पंप बघावा. बूस्टर महाग, पाईप स्वस्त. आणि इंजिनाच्या उष्णतेने चिरलेला पाईपच बहुतेकदा दोषी निघतो.

गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा त्याच बाजूचा ब्रेक जास्त लागतो असे धरून चालू नये. बहुधा उलट बाजूचा कॅलिपर अडकलेला असतो, ओढणारी बाजू आपले काम नीट करत असते.

ब्रेक पकडून राहणे : पावसाळ्यात गोव्यातल्या गॅरेजमध्ये ही तक्रार फार येते. चाक तापते, जळका वास येतो, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तर हलत नाही. ते चाक जॅकवर घेऊन पेडल एकदा दाबून सोडावे आणि चाक फिरवून बघावे. फिरत नसेल तर हवा काढायचा निपल सैल करावा. ऑइल उडाले आणि चाक सुटले, तर दाब आत अडकला होता. निपल सोडूनही चाक घट्टच असेल, तर अडचण यांत्रिक आहे : पिस्टन, स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) किंवा मागे हँडब्रेकची केबल.

दाब अडकलेला असेल तर होसच्या वरचा, लोखंडी नळीकडचा जोड सैल करावा. तिथे सोडूनही चाक सुटत नाही आणि निपल सोडल्यावर सुटते, तर होस आतून सुजून बंद झालेला आहे. बाहेरून तो नवा दिसला तरी बदलावा. दोन्ही पुढची चाके एकाच वेळी पकडत असतील तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून एक-दोन आटे सैल करून बघावा. चाके सुटली तर बूस्टरचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरला ढकलणारा दांडा) लांब पडतो आहे.

स्लाइड पिन बाहेर काढून बघितली की इथल्या हवेचे काम समजते. रबरी बूट कुठेतरी फाटलेला असतो, आत ग्रीसचा चिकट तांबूस थर आणि पिनवर खवले. पिन बारीक एमरी पेपरने चकचकीत होत असेल तर वापरावी. खड्डे पडले असतील तर बदलावी. बूट नवाच घालावा. ग्रीस सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीचेच वापरावे. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस पेट्रोलियमचे असते, त्याने रबर सुजते आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते.

मागचा ड्रम : मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या मागच्या कडेने एक्सलवर, हँडब्रेकच्या केबलवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर गळत राहते. नळी जिथे क्लिपमध्ये बसते तिथे ओल धरून राहते आणि नळी आधी तिथेच फुगून पोपडे धरते. त्या जागी नखाने खरवडून पापुद्रा निघाला तर नळी बदलायची. तुकडा जोडून वेळ मारून नेऊ नये आणि साधी तांब्याची नळी घालू नये, ती थरथरून तडकते.

ड्रम काढताना हँडब्रेक सोडावा आणि अॅडजस्टर मागे फिरवावा. ड्रम हबला गंजाने चिकटला असेल तर तोंडावरच्या दोन आट्याच्या भोकांत बोल्ट आळीपाळीने आवळावेत. ड्रम आपोआप बाहेर सरकतो. कडेवर मोठ्या हातोड्याने मारल्यास बिडाचा तुकडा उडतो. आतली धूळ हवेच्या नळीने किंवा तोंडाने फुंकू नये, ती फुप्फुसात जाते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवावी.

लायनर ओला दिसला तर कशाने ओला आहे ते ठरवल्याशिवाय नवा बसवू नये. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्यात मिसळून धुतले जाते. ते व्हील सिलिंडरमधून आलेले असते. एक्सलचे ९० नंबर ऑइल घट्ट, पाण्याने न जाणारे आणि उग्र गंधकी वासाचे असते. ते ऑइल सीलमधून येते. सील बदलताना एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे तोंड) उघडून बघावा. लाल चिखलाने तो बुजला की गरम एक्सलमधली हवा वाट शोधत नव्या सीलमधूनच ऑइल बाहेर ढकलते. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून परत चालत नाही, आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

व्हील सिलिंडरमध्ये किट (नव्या रबरी कपांचा संच) घालण्याची पद्धत जुनी आणि काटकसरीची आहे. पण सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवल्यावर खड्डे लागले, तर किटचे पैसे वाया जातात. नवा कप त्या खड्ड्यांवर घासून फाटतो. किनाऱ्यावरच्या गाडीला सबंध सिलिंडरच बदलावा. एका बाजूचा ड्रम पूर्ण जोडून होईपर्यंत दुसरा उघडू नये, म्हणजे स्प्रिंगा कुठे कशा होत्या याचा नमुना समोर राहतो. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या अॅडजस्टरचे आटे उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर शू जवळ येण्याऐवजी लांब जातात आणि आठवड्याभरात पेडल खाली लागते.

मापे : पॅडचा थर ३ मि.मी. राहिला की पॅड बदलावे. चिकटवलेला शूचा लायनर २ मि.मी.ला बदलावा, रिबिटाचा असेल तर रिबिटाच्या डोक्यावर १ मि.मी. उरले तरी पुरे झाले. डिस्कची किमान जाडी आणि ड्रमचा कमाल व्यास त्या त्या भागावरच कोरलेला असतो. टर्निंग करून त्या मापाच्या पलीकडे गेलेला भाग भंगारातच घालावा. पेडल थरथरते तेव्हा डायल गेजने डिस्कची डोल (फिरताना होणारी आत-बाहेर हालचाल) मोजावी, ०.१ मि.मी.च्या वर गेली तर हबच्या तोंडावरचा गंज घासून डिस्क पुन्हा बसवून मोजावी. निम्म्या वेळा डिस्क सरळच असते, वाकडा असतो तो मधला गंजाचा थर.

ब्रेक ऑइल : ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि गोव्याच्या दमट हवेत त्याला ओलीची कमतरता नसते. डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. माल भरलेली ३ टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १.४७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात जवळपास ५० लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर तो सगळा डिस्क आणि ड्रमवर येतो. जुने ऑइल कॅलिपरमध्ये उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकते. चोर्ल्यातून भरल्या गाडीने केरीकडे उतरताना म्हणूनच वर चढायला लागला असता तोच गिअर ठेवायचा, न्यूट्रल कधीच नाही, आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता ठोस लावून सोडायचा. ऑइल दर २ वर्षांनी बदलावे. मासळीच्या गाडीला दरवर्षी मे महिन्यात. सिलबंद छोटा डबा घ्यावा, उघडून ठेवलेला उरलेला डबा वापरू नये.

हवा काढणे : हे दोघांचे काम. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. लोड व्हॉल्व्हला निपल असेल तर कंपनीच्या क्रमाने तोही घ्यावा. निपलवर पारदर्शक नळी चढवून दुसरे टोक थोड्या ऑइलच्या बाटलीत बुडवावे. खालचा ‘दाब’ म्हणतो, वरचा पेडल दाबून ‘धरलंय’ म्हणतो, मग निपल पाव आटा सैल होतो, बुडबुडे येतात, निपल बंद होतो आणि त्यानंतरच ‘सोड’. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत जाते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. सगळे ऑइल बदलायला साधारण १ लिटर लागते. पेडल पूर्ण तळापर्यंत नेऊ नये. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातला गंज कप कापतो. निपल जाम असेल तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे, डोक्यावर हलके ठोकावे आणि सहा कोनी रिंग पान्यानेच फिरवावे. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमध्ये हवा गेली तर स्कॅनरशिवाय ती निघत नाही.

आधार : गाडी उचलून खाली शिरताना चिऱ्यांची रास कधीही लावू नये. चिरा मऊ असतो, एक्सलच्या टोकदार भाराखाली अचानक भुगा होतो. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके लावावेत. चिरा चाकाला उटी (गाडी घरंगळू नये म्हणून लावायचा अडसर) म्हणून ठीक.

हँडब्रेक : पावसात तो ओढून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की शू गंजून ड्रमला चिकटतो आणि निघताना ‘ठक’ आवाज येतो. सपाट जागी पहिला गिअर आणि उटी पुरते. जेटीच्या उतारावर मात्र हँडब्रेक, गिअर आणि उटी तिन्ही हवेत. रोज वापरलेली केबल मोकळी राहते. वर्षभर न ओढलेली केबल ज्या दिवशी ओढाल त्या दिवशी अडकते.

चाचणी : काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल १ मिनिट जोराने धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड बघावा. मग मोकळ्या रस्त्यावर २० किमी वेगाने पहिला ब्रेक. नवे पॅड बसवण्यासाठी ५० वरून १५ किमीपर्यंत वेग उतरवणारे मध्यम ब्रेक, मध्ये गार होऊ देत, १५-२० वेळा लावावेत. परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्यावा. एक रिम जोडीच्या दुसऱ्यापेक्षा जास्त तापली असेल, तर ते चाक पुन्हा जॅकवर घ्यावे.