महापालिकेकडून आरोग्याचे आकडे आरटीआयने मागताय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते बघा

वॉर्डात डेंग्यूचे पेशंट किती, टीबीचे किती, हे महापालिकेकडे असतंच. पण वेबसाइटवर शोधायला गेलात की एकतर जुनी पीडीएफ नाहीतर अख्ख्या शहराची एकच बेरीज. माहिती अधिकार (आरटीआय) कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती त्यांनी स्वतःहूनच टाकायची असते, पण टाकत नाहीत, मग अर्ज. मुंबईत प्रजा फाउंडेशन आरटीआयनेच आकडे काढून आरोग्याचे अहवाल छापतं, म्हणजे मिळतात हे नक्की.

पात्रता एकच, भारताचे नागरिक असणं. कशाला हवंय हे सांगायची गरज नाही. फक्त संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज देऊ नका, "संस्था म्हणजे नागरिक नव्हे" म्हणून परत येतो, स्वतःच्या नावाने द्या. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बीपीएल असाल तर फी माफ पण दाखल्याची प्रत जोडा. शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. डेंग्यू, टीबी आणि दवाखान्यातली रिकामी पदं एकाच कागदावर लिहिलीत की फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणू शकतात. तीन अर्ज करा, ३० रुपये जातील.

आता सगळ्यात जास्त अर्ज मारणारं उत्तर: "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही". तुम्ही विचारलेलं असतं "आमच्या भागात डेंग्यू का वाढला, वयानुसार तक्ता द्या". 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि नवीन तक्ता बनवून द्यायलाही नाहीत. म्हणून जो कागद ऑफिसात आधीच आहे तो नावानिशी मागा. असं लिहा: "जानेवारी ते डिसेंबर २०२४, अमुक वॉर्डच्या आरोग्य खात्याने वर पाठवलेल्या डेंग्यूच्या मासिक अहवालांच्या प्रती, कॉम्प्युटरवर असल्यास एक्सेल फाइल." साथरोगांसाठी आयडीएसपीचे (सरकारचा साथरोगांवर नजर ठेवायचा कार्यक्रम) पी फॉर्म (डॉक्टरांना संशय असलेले पेशंट) आणि एल फॉर्म (लॅबमधले), आता आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर भरतात, त्यातली वॉर्डची बेरीज मागा.

पेशंटची नावं चुकूनही मागू नका. डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयचं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) बदललंय, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" म्हटलं की नकार देणं सोपं झालंय. अर्जातच लिहून टाका की नाव-पत्ता वगळून द्या, नाकारण्याजोगा भाग वगळून बाकीचं द्यायचं कलम १० त्यासाठीच आहे. मृत्यूचंही तसंच, एखाद्याच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार देतच नाहीत, तुम्हाला हवा तो कारणनिहाय वार्षिक तक्ता.

जुन्या वर्षांचं मागितलं की "रेकॉर्ड नष्ट केलंय" असं येतं. गप्प बसू नका. नवा अर्ज टाका: त्या रेकॉर्डचं वर्गीकरण (किती वर्षं जपायचं ते यावर ठरतं) अ, ब, क, ड पैकी कोणतं आणि नष्ट करायच्या आदेशाची प्रत. राज्यात यासाठी सार्वजनिक अभिलेख (म्हणजे सरकारी रेकॉर्ड) कायदा, २००५ आहे, रद्दीवाल्याला दिलं एवढ्यावर भागत नाही. बऱ्याचदा यानंतर फाइल "सापडते" हो!

तारखांचा घोळ तर कायमचाच. १ जूनला अर्ज दिला तर १ जुलैपर्यंत उत्तर यायला हवं. नाही आलं तर तोच नकार समजायचा आणि ३१ जुलैपर्यंत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. लोक दोन-दोन महिने पत्राची वाट बघत बसतात आणि मुदत घालवतात. मध्ये झेरॉक्सच्या पैशांचं पत्र आलं तर लगेच भरा, ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यांच्या ३० दिवसांत धरत नाहीत. पण पैशांचं पत्रही न पाठवता त्यांनी मुदत ओलांडली तर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६), अपिलात हे लिहायला विसरू नका.

अपिलाच्या सुनावणीत साहेब गोड बोलतात, "पुढच्या आठवड्यात या, देतो". लेखी आदेश मागा. राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायचे ९० दिवस तो आदेश हातात पडल्यापासून, आदेशच आला नाही तर तो यायची मुदत संपल्यापासून मोजतात, तोंडी आश्वासनाला तारीख नसते.