प्रॉस्टेटची सुई, नाडीचा ठोका आणि ईसीजीच्या बारक्या चौकटी

बेळगावात मी गेली वीसेक वर्षं ईसीजी काढायचं काम करतो. छातीवर जेली लावायची, सहा बटणं चिकटवायची, हातापायाला क्लिपा लावायच्या, पेशंटला म्हणायचं हलू नका बोलू नका, आणि गुलाबी कागदाची पट्टी बाहेर येती ती फाडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. डॉक्टर मी नाही, निदान करणं माझं काम नाही. पण पट्ट्या बघून बघून काही गोष्टी डोळ्यात बसतात, आणि त्यातली एक गोष्ट घराघरात कळायला पाहिजे असं मला फार दिवसापासून वाटतंय.

मागच्या पावसाळ्यात येळ्ळूरहून एक मामा आले, सत्तरी पार केलेले, भाताच्या शेतातच आयुष्य गेलेलं. सोबत सून. काय होतंय मामा म्हटलं तर म्हणाले, "काय न्हाई गा, छातीत चिमणी फडफडल्यागत होतंय, आनी दोन पायऱ्या चढलो की दम लागतोय." नाडी धरली तर दोन ठोके पटापट, मग गॅप, मग परत तीन घाईघाईत, कसला म्हणून मेळ नाही. पट्टी काढली. नेहमीच्या पट्टीवर प्रत्येक उंच सुळक्याच्या आधी एक बारकी टेकडी असती, ती कुठंच नव्हती, आणि सुळक्यांमधली अंतरं सगळी वेगवेगळी. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, लोक नुसतं ए-फिब म्हणतात. भजनात पखवाजाला धरून सगळे टाळकरी एका लयीत टाळ वाजवतात ना, तसे हृदयाचे वरचे कप्पे एका इशाऱ्यावर आकसायचे असतात, ए-फिबमध्ये प्रत्येक टाळकरी आपापल्या मनाने वाजवायला लागतो, मिनिटाला साडेतीनशेच्या वर, आणि वरचा कप्पा आकसायचं सोडून नुसता थरथरत राहतो. तिथं रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होती, ती मेंदूत गेली की लकवा. ए-फिब असलेल्या माणसाला लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो, म्हणून या आजारात धडधडीपेक्षा गुठळीची भीती जास्त.

सुनेनं फाईल काढली तेव्हा कळलं की मामांना प्रॉस्टेटचा, म्हणजे लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना जी ग्रंथी असती तिचा, कॅन्सर आहे. घरात त्याला कॅन्सर म्हणत नाहीत, गाठ म्हणतात. दर तीन महिन्याला पोटावर सुई, आणि दोन महिन्यापासून त्यात ॲबिराटेरॉनच्या गोळ्या, रोज चार, उपाशीपोटी. "त्याचा नि ह्याचा काय संबंध, ते खाली हाय आनी हे वर," मामा म्हणाले. हा प्रश्न मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलाय आणि प्रश्न अगदी बरोबर आहे.

प्रॉस्टेटचा कॅन्सर वाढतो तो पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये हे दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून उपचाराचं सूत्र तेच, टेस्टोस्टेरॉन तोडा. पूर्वी त्यासाठी वृषणंच काढायचे, अजूनही खर्च परवडत नसेल तर काढतात, नाहीतर ल्युप्रोलाइडसारखी सुई देतात, ती मेंदूतून येणारा हुकूमच थांबवती. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आणायचं असतं, निरोगी पुरुषात ते साधारण तीनशेच्या वर असतं, म्हणजे किती खाली ते बघा. पण हे हार्मोन काय फक्त प्रॉस्टेटसाठी नसतंय, हाडं, स्नायू, साखर, चरबी आणि हृदयाची वीज, सगळीकडं त्याचा हात असतोय.

हृदयाची वीज म्हणजे काय ते आमच्या बेळगावातल्या विणकरांच्या वडगाव-खासबागच्या लोकांना एका मिनिटात कळेल, कारण कापड विणायचा माग सगळ्यांनी बघितलाय. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, पूर्ण पोचला की फणीचा ठोका पडतो, परत धोटा सुटतो. धोटा मधेच असताना ठोका पडला तर शेकडो धागे एकदम तुटतात आणि माग बंद करायला लागतो. हृदयाचे खालचे कप्पे एकदा आकसले की पुढच्या ठोक्याआधी त्यांना परत चार्ज व्हायला लागतं, तोवर दुसरा ठोका पडायला नको. पट्टीवर या सगळ्या वेळेला क्यूटी म्हणतात. बारकी एक चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. नाडी साठीच्या आसपास असली की सरळ चौकटी मोजायच्या, जास्त-कमी असली की हिशेब करून दुरुस्त करायला लागतं. पुरुषात अकरा चौकटीपर्यंत ठीक, साडेबाराच्या पुढं म्हणजे 500 मिलिसेकंद झाले की डॉक्टर खुर्चीतून उठतात, कारण तिथं धोटा मधे अडकायची वेळ येती, आणि मग जी लय सुरू होती तिच्यात माणूस चक्कर येऊन पडतो, काही वेळा उठतच नाही.

टेस्टोस्टेरॉन हा चार्जिंगचा वेळ कमी ठेवतं. वयात आल्यावर पोरांचा क्यूटी पोरींपेक्षा कमी होतो तो याच्यामुळंच. मग हार्मोन तोडलं की क्यूटी लांबणार, हे आलंच. एकट्या सुईने बहुतेकांचा थोडाच लांबतो, त्याने कुणी पडत नाही. पण त्यावर अजून एक, अजून एक असं चढत गेलं की मग अवघड होतं.

मामांच्या सुनेला मी म्हटलं घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, डबीतल्या, देव्हाऱ्यापाशी ठेवलेल्या, आयुर्वेदाच्या, सगळ्या. दुसऱ्या दिवशी तिनं कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. ॲबिराटेरॉन आणि त्याच्याबरोबरची प्रेडनिसोलोन होती. पाय सुजले म्हणून दुसऱ्याच दवाखान्यातून आणलेली पाणी काढायची गोळी होती. खोकल्यासाठी मेडिकलमधून न विचारता घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या. आणि कागदाच्या पुडीत ज्येष्ठमध, घसा खवखवतो म्हणून तीन आठवडे रोज दोन वेळा काढा.

रक्तातलं पोटॅशियम 2.8 आलं होतं, 3.5 ते 5 पाहिजे. हृदयाच्या ठोक्याला पोटॅशियम म्हणजे मागाला वंगण, ते कमी झालं की वरच्या कप्प्यात ए-फिब आणि खाली क्यूटी, दोन्हीकडनं त्रास. ॲबिराटेरॉन अंगातल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळं मीठ-पाणी धरून ठेवणारी दुसरी हार्मोन्स वाढतात, मग बीपी चढतं, पाय सुजतात, पोटॅशियम लघवीवाटे जातं. हे आवरायलाच प्रेडनिसोलोन देतात, ती चुकवायची नसती. पाय सुजले म्हणून दिलेल्या गोळीनं पोटॅशियम आणखी खाली नेलं. आणि ज्येष्ठमध, ज्याला आपण अगदी गरीब औषध समजतो, ते जास्त दिवस घेतलं तर हेच करतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी वाढवतं. ॲझिथ्रोमायसिन वेगळ्या वाटेनं क्यूटी लांबवतं, तसंच लेव्होफ्लॉक्सासिन, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं डॉमपेरिडोन. एकेक औषध वाईट नाही हो, प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच दिलेलं, पण चार कागद चार ठिकाणचे आणि एकत्र कुणी बघितलेच नाहीत. मला राग येतो तो याचा. आपल्याकडं कागद इंग्रजीत, काउंटरवर कन्नड, घरात मराठी, त्यात म्हातारा माणूस काय काय सांगणार?

मामांना दोन दिवस ॲडमिट करून शिरेतून पोटॅशियम दिलं, ज्येष्ठमध आणि पाण्याची गोळी बंद, ठोक्याची गती कमी करायला मेटोप्रोलॉल अगदी कमी डोसमध्ये, कारण ॲबिराटेरॉन लिव्हरमध्ये मेटोप्रोलॉलची वाट अडवतं आणि नेहमीचा डोस दिला तर नाडी फारच खाली जाती. तिसऱ्या दिवशी लय आपोआप जागेवर आली. मी पट्टी काढली, टेकड्या परत दिसल्या, चौकटी मोजल्या, बारा. सुई सुरू व्हायच्या आधीची पट्टी फाईलीत नशिबानं होती, त्यात साडेदहा. ती जुनी पट्टी नसती तर बारा आधीपासूनच आहेत की आता झाल्यात हे कुणाला सांगता आलं असतं? म्हणून सुई घ्यायच्या आधी एक ईसीजी काढून ठेवा असं मी भेटेल त्याला सांगतो, खर्च थोडका आहे.

गुठळी होऊ नये म्हणून दिलेली रक्त पातळ करायची गोळी मात्र चालू राहिली, लय सुधारली तरी. आणि इथं अजून एक खाचखळगा आहे. प्रॉस्टेटच्या दुसऱ्या काही गोळ्या, एन्झालुटामाइड आणि ॲपालुटामाइड, लिव्हरला इतकं कामाला लावतात की ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन ही रक्त पातळ करणारी औषधं लवकर जळून जातात आणि गोळी खाऊनसुद्धा गुठळीचा धोका राहतो. उलट बायकॅलुटामाइड या प्रॉस्टेटच्याच गोळीनं वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर वाढू शकतो, म्हणजे रक्तस्राव. तेव्हा कॅन्सरची गोळी बदलली की हृदयाच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात कळलं पाहिजे.

हृदयाचा आजार आधीच असेल तर कुठली सुई बरी हे डॉक्टरांना जरूर विचारा. 2020 मध्ये टेस्टोस्टेरॉन तोडणाऱ्या, तोंडानं घ्यायच्या रेलुगोलिक्स गोळीच्या अभ्यासात हार्ट ॲटॅक, लकवा किंवा मृत्यू अशा घटना 2.9 टक्के लोकांत झाल्या, ल्युप्रोलाइडच्या गटात 6.2. पण 2021 मध्ये डेगारेलिक्स या दुसऱ्या सुईची आणि ल्युप्रोलाइडची थेट तुलना झाली तेव्हा फरक दिसला नाही, आणि तो अभ्यास वेळेआधीच थांबवलेला, त्यामुळं यावर अजून एकमत नाही.

एक चूक मात्र बरेच जण करतात, धडधड झाली की घाबरून सुईच चुकवतात. तीन महिन्याची सुई आत गेलेली असती, ती काय उपसून काढता येत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने जातात, तोवर हृदयाला फायदा काही नाही पण पुढची सुई टळली तर कॅन्सरला मोकळं रान. थांबवायचं की बदलायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. मात्र धडधडीबरोबर चक्कर, घेरी, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असलं तरी रात्रीच निघायचं.

घरी नाडी बघायला मामांच्या सुनेला मी शिकवलं, अंगठ्याच्या खाली मनगटावर तीन बोटं, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर, आकड्याबरोबर ठोके सारखे आहेत का तेही. ए-फिबमध्ये बीपीचं मशीन कधी कधी चुकीचा आकडा दाखवतं म्हणून दोन-तीनदा घ्यायचं. वहीत लिहायचं. मामांनी विचारलं रताळी खाऊ का, आमच्याकडं लय पिकतात. डॉक्टर म्हणाले खावा, पोटॅशियम असतंय त्यात, पण किडनीचा रिपोर्ट आधी बघू, किडनी बिघडली असली तर पोटॅशियम उलटं साचतं आणि तेही तितकंच वाईट. रिपोर्ट चांगला आला.

परवा मामा परत आले होते, पिशवी घेऊनच. पोटॅशियम 4.2, चौकटी अकरा, वहीत सव्वा महिन्याची नाडी सुनेच्या अक्षरात. पुढची सुई बुधवारी आहे, त्याआधी सकाळी पट्टी काढायला येतो म्हणालेत.